बेळगावातले क्लब आणि त्यांची वर्गणी: थोडी पार्श्वभूमी

जुलै लागला की बेळगावच्या पेपरात पदग्रहणाचे फोटो सुरू होतात, नवे अध्यक्ष, नवे सेक्रेटरी, गळ्यात कॉलर, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच की हे रोटरी, लायन्स, जायंट्स असले समाजसेवेचे क्लब नेमके आले कुठनं आणि पैसे गोळा करतात ते जातात कुठं. म्हणून जरा मागचं सांगतो.

रोटरी 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने सुरू केली, लायन्सही शिकागोचंच, 1917 चं. भारतात रोटरी कलकत्त्यात आली, 1920 च्या सुमारास, लायन्स मात्र 1956 ला मुंबईत. जायंट्स आपल्याकडचं, नाना चुडासमांनी 1972 मध्ये मुंबईत काढलेलं, आणि बेळगावात मराठी माणसांत ते चांगलंच रुजलंय.

पण माझं म्हणणं असं की क्लब बाहेरून आले तरी वर्गणी काढून गावाचं काम करायची सवय इथं आधीपासूनच होती. सार्वजनिक वाचनालय 1848 चं आहे, म्हणजे शिकागोच्या क्लबाच्या कितीतरी आधीचं. आणि 1924 चं काँग्रेस अधिवेशन घ्या, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन, टिळकवाडीच्या मैदानावर, इथले काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा डोलारा उभा केला होता. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलाचे स्वयंसेवक व्यवस्थेला होते. एवढ्या लोकांना पाणी कुठनं द्यायचं म्हणून विहीर खणली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. आज क्लबवाले जे करतात, म्हणजे पैसे जमवा, माणसं लावा, हिशेब द्या, ते सगळं या गावानं तेव्हाच करून बघितलंय.

मग 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. त्या सीमावादावर इथं वेगळं काही सांगायला नको, घराघरात माहीत आहे. पण क्लबांच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. रोटरीचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे क्लबांचे विभाग, सरकारी जिल्ह्यांप्रमाणे नसतात, आपल्या डिस्ट्रिक्टचा नंबर 3170, त्यात बेळगाव, हुबळी-धारवाडबरोबर कोल्हापूर आणि गोवाही आहे. म्हणजे बेळगावचा रोटेरियन आणि कोल्हापूरचा रोटेरियन एकाच गव्हर्नरच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाच्या हाताखाली, एकाच कॉन्फरन्सला बसणार, मध्ये राज्याची सीमा असली तरी. लायन्सचं तसं नाही, तिथं आपण कर्नाटक-गोव्याकडे आणि कोल्हापूर वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदमच चढल्या, निपाणी, चिकोडी, अथणी इकडे आणि शिरोळ, सांगली तिकडे, तेव्हा नद्यांनीही राज्य बघितलं नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या माणसांची आधीपासूनची ओळख असणं मला फार मोठी गोष्ट वाटते. मीटिंगमध्येही एकजण मराठीत बोलतो, दुसरा कन्नडमध्ये उत्तर देतो, ठराव इंग्रजीत लिहितात, आणि काम होतं.

आता पैशाचं. पूर्वी मुख्य साधन स्मरणिका, म्हणजे व्यापाऱ्यांकडे जाऊन पान, अर्धं पान जाहिरात मागायची. नाटकाचा चॅरिटी शो लावायचा, तिकीटं मेंबरांनी गळ्यात मारायची. लकी ड्रॉची कूपनं. नंतर रोटरीचा अन्नोत्सव आला, स्टॉलचं भाडं, स्पॉन्सर, प्रवेश फी, त्यातनं प्रोजेक्टला निधी, आणि गावालाही चार दिवस खायला-फिरायला मिळतं, त्यामुळं कोणाला देणगी दिल्यासारखं वाटत नाही. लायन्सच्या सभेत टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारीच असतो, उशीरा आला, बिल्ला विसरला की दंड.

यात एक नियम लोकांना माहीत असावा असं मनापासून वाटतं. लायन्समध्ये दोन खाती ठेवावी लागतात. मेंबरांच्या वार्षिक फीतून क्लबचा खर्च, जेवणं वगैरे चालतं, आणि पब्लिककडून जमवलेला पैसा पब्लिकच्याच कामाला लावायचा, तो चहापाण्याला वापरता येत नाही. कूपन घेताना हे विचारायला काहीच हरकत नाही.

बायकांना मात्र फार वर्षं मुख्य दारातनं प्रवेश नव्हता. रोटेरियनच्या बायकांसाठी इनर व्हील नावाचा वेगळा क्लब होता, 1924 पासूनचा, इंग्लंडातला. रोटरीनं महिलांना मेंबर करायचा जगभरचा नियम 1989 ला केला. तोपर्यंत स्टॉलवर राबणारे हात त्यांचे आणि फोटोत अध्यक्ष, असं होतं.

कामांमध्ये पोलिओ निर्मूलनाचं सगळ्यात लांब चाललं, रोटरीनं 1985 ला हातात घेतलं, बूथवर उभं राहून, थंडबॉक्स उचलून, आणि 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. बाकी मला एक खटकतं ते म्हणजे वर्षाचा अध्यक्ष. 30 जूनला मुदत संपते, नवा आला की स्वतःचं नवीन प्रोजेक्ट काढतो, आणि आधीच्यानं खानापूरकडच्या एखाद्या शाळेला दिलेलं वॉटर फिल्टर नंतर कोणी बघत नाही. जायंट्सच्या लोकांनी इथं नेत्रदानाचं काम धरून ठेवलंय त्याचं म्हणून मला जास्त मोल वाटतं. त्यात अध्यक्ष कोण आहे बघून चालत नाही, मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणजे रात्री दोनला फोन आला तरी कोणीतरी उठून त्या घरी जायचं, रडणाऱ्या माणसांशी बोलायचं, संमती घ्यायची, डॉक्टरांना बोलवायचं. याला स्मरणिका लागत नाही, फक्त फोन उचलणारा माणूस लागतो.