शेवाळ नियंत्रण (खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीतील)

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत दगड, वाळू आणि काचेवर बेसुमार माजून प्रवाळांची जागा व उजेड बळकावणारे शेवाळ आटोक्यात ठेवण्याची रीत. शेवाळाचा मागमूस नसलेली टाकी कोणालाच साधत नाही. उपद्रव नेमका कशाचा आहे हे आधी ओळखावे लागते, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर धरतो, तो डायॅटम या एकपेशीय शेवाळाचा. त्यांच्या कवचाला सिलिका लागते. ती संपत आली की थर आपसूक ओसरतो. त्यावर औषध ओतणे म्हणजे शब्दशः पैसे पाण्यात.

चिवट असते ते हिरवे केसाळ शेवाळ. माशांचे खाद्य आणि विष्ठा यांतून येणारी नायट्रेट व फॉस्फेट हे त्याचे अन्न. टाकी हिरवीगार असूनही चाचणीत फॉस्फेट शून्य येते, तेव्हा नवखा माणूस चक्रावतो. पण पाण्यात उतरलेले फॉस्फेट शेवाळाने तिथल्या तिथे गिळलेले असते. शिवाय चुनखडीचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण घटले की ते हळूहळू सोडतात. त्यामुळे खाद्य आवरल्यावरही फरक दिसायला महिने लागू शकतात. सर्वसाधारणपणे लिटरमागे नायट्रेट ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम ठेवतात.

बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरून काढताना नळाचे पाणी वापरू नये. आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) काढलेले वापरावे. शहरालगतच्या किनाऱ्यावरून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात सांडपाण्यातली पोषकद्रव्ये असू शकतात, म्हणून मीठ विरघळवून केलेले पाणी बरे. पोषकद्रव्ये बाहेर काढायला प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र), नियमित पाणीबदल आणि फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे असतात. सर्वांत सुंदर युक्ती मात्र शेवाळानेच शेवाळाला उपाशी ठेवण्याची. मुख्य टाकीखाली जोडलेल्या दुसऱ्या टाकीत किटोमॉर्फा या तंतुमय शेवाळाचा गुंता वाढवून मुख्य टाकीचे दिवे बंद असताना त्यावर उजेड सोडतात, म्हणजे रात्री घसरणारा पीएचही सावरतो. गुंता वाढला की मूठभर उपटून फेकायचा; तेवढी पोषकद्रव्ये त्याच्याबरोबर जातात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी जाळीवर पातळ शेवाळ वाढवून खरवडण्याची पद्धत विकसित केली, तिचे तत्त्व हेच.

चरणाऱ्या प्राण्यांचे महत्त्व कॅरिबियन समुद्राने दाखवून दिले. १९८३-८४ मध्ये तिथले डायडेमा जातीचे काळे समुद्री साळिंदर (सी अर्चिन हे काटेरी प्राणी) साथीने मोठ्या प्रमाणावर मेले आणि जमैकासारख्या ठिकाणची प्रवाळबेटे शेवाळाखाली गेली. टाकीत हे काम टर्बो व ट्रोकस गोगलगायी करतात. यलो टँग मासाही चांगला चरतो, पण त्याला मोठी टाकी हवी. वाढलेले लांब तंतू मात्र गोगलगायी सहसा सोडून देतात, ते आधी हातानेच उपटावे लागतात. दगड बाहेर काढून, टाकीतून काढलेल्याच पाण्यात टूथब्रशने घासला तर तुटलेले तुकडे टाकीभर पसरत नाहीत. व्हॅलोनिया या शेवाळाचे हिरवे चकचकीत फुगे न फोडता बुडापासून सुटे करावेत.

लालसर-जांभळी, साय धरल्यासारखी चादर हे शेवाळ नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर वाढणारे जिवाणू. पाण्याचा प्रवाह वाढवणे आणि साचलेला गाळ ओढून काढणे हा त्यावरचा पहिला उपाय. दिवसा हवेचे बुडबुडे अडकलेले चिकट तपकिरी दोरे दिसत असतील आणि ते रात्री विरळ होत असतील, तर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांची शंका घ्यावी व सूक्ष्मदर्शकाने खात्री करावी. ते बहुधा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलेल्या टाकीतच माजतात. म्हणजे केसाळ शेवाळावरचा इलाज इथे उलटतो आणि पोषकद्रव्ये चक्क वाढवावी लागतात. ऑस्ट्रिऑप्सिससारखे प्रकार रात्री पाण्यात तरंगतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा चालतो. वाळूत दडून बसणाऱ्या अँफिडिनियमवर त्याचा फारसा उपयोग नाही.

उपटलेले शेवाळ वाळवून कचऱ्यात टाकावे. समुद्रात, खाडीत वा गटारात नाही. टाक्यांत पोसलेली कॉलेर्पा टॅक्सिफोलिया ही शेवाळाची जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर आढळली आणि भूमध्य समुद्रात पसरली. २००० मध्ये ती कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडच्या खाजणात सापडली, तेव्हा तिच्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावे लागले. तिचे तिथून समूळ उच्चाटन झाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले.