पेन्ने आला वोडका: सॉसमध्ये वोडका आली कुठून?

पेन्ने म्हणजे टोकं तिरकी कापलेल्या नळ्यांचा पास्ता. त्याला लावायचा टोमॅटो, क्रीम आणि वोडकाचा हा केशरी-गुलाबी सॉस इटलीच्या आजीबाईंच्या वहीतला नाही. पास्त्याला टोमॅटोचा सॉस लावल्याचे छापील उल्लेख अठराव्या शतकाच्या अखेरचे, आणि पेन्ने तिरकी कापणाऱ्या यंत्राचं पेटंट १८६५ चं, जेनोव्हाजवळचं. वोडका तर तिथली नव्हेच; तिथली घरची दारू ग्राप्पा, द्राक्षांच्या चोथ्याची. हे सगळं एका कढईत आलं ते १९७० च्या दशकात.

माहीत असलेली सर्वांत जुनी छापील कृती १९७४ ची, एका लोकप्रिय इटालियन अभिनेत्याच्या पुस्तकातली. तिचं नाव ‘इन्फुरियाता’. अराब्याता या मिरची-लसणाच्या तिखट टोमॅटो सॉसच्याच घराण्यातली, अर्धा किलो टोमॅटोला पेगभर वोडका. याखेरीज तीन दावे नेहमी ऐकू येतात: बोलोन्यातलं एक रेस्टॉरंट, न्यूयॉर्कमध्ये काम करणारा, मूळचा नेपल्सचा शेफ, ज्याच्याकडे हा पदार्थ ‘आला रूसा’ (रशियन पद्धतीचा) या नावाने मिळायचा, आणि वोडका कंपनीसाठी काम करणारा रोमचा एक स्वयंपाकी. हा शेवटचा दावा जाहिरातबाजी म्हणून झटकला जातो, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: वाइन पिणाऱ्या देशात वोडका खपवायची तर ती ताटात आणणं हा सरळ मार्ग. पहिला मान कुणाचा, यापेक्षा क्रीमचा काळ महत्त्वाचा. १९८० च्या दशकात इटलीत सॅमन माशाची पेन्ने, तोर्तेल्लिनी (सारण भरलेला छोटा पास्ता), मटार-हॅमचा पास्ता अशा सगळ्यांत ‘पान्ना’, म्हणजे क्रीम, पडू लागली. आज ओळखीचा असलेला सॉस त्या लाटेत घडला आणि अमेरिकेतल्या इटालियन रेस्टॉरंटांत रुजला. पुढे तो बरणीतही विकला जाऊ लागला.

खरा वाद वेगळा आहे: वोडका काही करते का? ‘चव नसलेली दारू कशाला’ हा आक्षेप इटलीतूनच जोरात येतो. तो अर्धवट आहे. टोमॅटोतले काही सुगंधी घटक पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगले विरघळतात. थोडं अल्कोहोल उरलं तर हे घटक वाफेबरोबर नाकापर्यंत पोचतात. जास्त उरलं तर नुसता झणका लागतो आणि कडवटपणा येतो. म्हणून प्रमाण आणि वेळ या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

चौघांच्या ४०० ग्रॅम पास्त्याला साधारण ७५० ग्रॅम सॉस होतो. त्यात ६० मिली वोडका, म्हणजे २४ मिली शुद्ध अल्कोहोल. अमेरिकेतल्या सरकारी तक्त्यांनुसार पंधरा मिनिटं उकळल्यावर त्यातलं सुमारे ४० टक्के उरतं, म्हणजे सॉसमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास. तेवढं योग्य. ‘दारू सगळी उडून जाते’ हे मात्र खरं नाही. तासभर उकळूनही २५ टक्के राहते. दारू वर्ज्य असलेल्यांना हा पदार्थ वाढताना हे आधी सांगायलाच हवं.

टोमॅटो पेस्ट तेलात विटकरी होईपर्यंत परतावी, आच बंद करून वोडका ओतावी, मग पुन्हा मंद आचेवर ठेवून टोमॅटो घालावा. पेटत्या आचेवर बाटलीतून थेट ओतलं तर भडका उडतो. शेवटी वोडका घातली तर कच्चा वास जात नाही. वोडका क्रीमला फाटू देत नाही, असंही सांगतात. त्यावर विसंबू नये. क्रीम फाटतं ते टोमॅटोच्या आंबटपणामुळे आणि खळखळ उकळीमुळे. आपल्याकडच्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो, व्हिपिंग क्रीमपेक्षा कमी. त्यामुळे ते आच उतरवल्यावरच, दोन चमचे गरम सॉसमध्ये आधी कालवून घालावं.

२०२० मध्ये एका मॉडेलच्या कृतीने हा सॉस समाजमाध्यमांवर पुन्हा गाजला. पुण्या-मुंबईच्या कॅफेंत मिळणारा ‘पिंक सॉस’ त्याच्या जवळचा, पण तो बहुधा लाल आणि पांढरा सॉस एकत्र करून होतो. पांढऱ्यातल्या मैद्यामुळे तो दाट होतो, आणि वोडका त्यात नसतेच.