शशिकला काकोडकर थेट घरातनं खुर्चीवर? नाही हो

गोव्यात अजून ऐकायला मिळतं की पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि लेकीला, म्हणजे शशिकलाताईंना, रेडीमेड मुख्यमंत्रीपद मिळालं, राजकारणाचा गंध नसताना. अहो, ताई १९६७ लाच आमदार झाल्या होत्या, १९७२ ला परत निवडून येऊन वडिलांच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री होत्या, मग ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब वारले तेव्हा ताईंच्या गाठीशी सहा वर्षं विधानसभा होती. वडिलांच्या नावाचा फायदा झालाच, तो कोण नाकारतंय! पण १९७७ ला, भाऊसाहेब नसताना, त्यांनी मगोपला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) परत सत्तेत आणलं की, ते कुणाच्या नावावर टाकणार? १९७९ ला सरकार पडलं ते आपलेच आमदार फुटल्यामुळे. नंतर १९९० ला शिक्षणमंत्री झाल्या, आणि इंग्रजी प्राथमिक शाळांचं अनुदान बंद केलं, मराठी-कोकणीला चालू ठेवलं, त्यावरून गोव्यात अजून भांडणं होतात.