दुसऱ्याच्या पाटीवर उभा राहिलेला पक्ष

पोर्तुगालमधल्या कट्टर उजव्यांचा विषय निघाला की हल्ली सगळे शेगा हा पक्ष आणि त्याचा नेता आंद्रे व्हेंतुरा यांच्यावरच बोलतात, पण त्यांच्या आधी जवळजवळ वीस वर्षं एक चिमुकला पक्ष बाहेरच्या लोकांविरुद्ध हेच सगळं ओरडत होता आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं. पार्तिदू नासिओनाल रेनोव्हादोर, थोडक्यात पीएनआर. २०२० मध्ये नाव बदलून एर्गे-ते केलं, म्हणजे आपल्या भाषेत "ऊठ!". संसदेत आजवर एक माणूस नाही. तरी जन्मकथा ऐकण्यासारखी आहे, कारण हा पक्ष खरं तर कोणी स्थापनच केला नाही.

झालं असं की १९८५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जनरल रामाल्यो इयानिश यांच्या समर्थकांनी पीआरडी नावाचा पक्ष काढला, मध्यममार्गी, राजकारण स्वच्छ करू वगैरे म्हणणारा, आणि पहिल्याच निवडणुकीत १८ टक्के मतं आणि ४५ जागा! मग १९८७ मध्ये यांनीच अविश्वास ठराव आणून पंतप्रधान कावाकु सिल्वांचं अल्पमतातलं सरकार पाडलं, लोक वैतागले, कावाकुंना घसघशीत बहुमत दिलं आणि पीआरडी ७ जागांवर आला. १९९१ मध्ये शून्य. पुढे पक्ष नावापुरताच उरला, कागदावर जिवंत आणि डोक्यावर देणी.

आता दुसऱ्या बाजूला कट्टर राष्ट्रवादी मंडळी होती, त्यांच्याकडे माणसं थोडी आणि पक्ष नाही. पोर्तुगालमध्ये पक्षाची नोंदणी घटनात्मक न्यायालयात होते, त्यासाठी हजारो नागरिकांच्या सह्या गोळा कराव्या लागतात (सध्या ७,५००), आणि वर १९७६ च्या घटनेचं कलम ४६ डोक्यावर आहेच, वंशवादी किंवा फॅसिस्ट विचारसरणीच्या संघटनांना सरळ बंदी. मुव्हिमेंतु द आक्सांव नासिओनाल नावाच्या गटावर याच कलमाखाली केस झाली होती, १९९४ मध्ये निकाल लागेपर्यंत गट स्वतःच विसर्जित झालेला. तर या मंडळींनी सोपा रस्ता काढला, १९९९ च्या सुमारास पीआरडीत शिरले, देणी भागवली, पक्ष ताब्यात घेतला आणि २००० मध्ये नाव बदललं. बंद पडलेलं दुकान लायसन्ससकट घ्यायचं आणि पाटी बदलायची, अगदी तसं. लोकशाही स्थिरस्थावर करणाऱ्या जनरलच्या पक्षाची नोंदणी शेवटी जुना हुकूमशहा सालाझारच्या आठवणी काढणाऱ्यांच्या हातात गेली, याहून मोठी थट्टा काय असणार.

पण सालाझारचे वारस म्हणावं तर तिथेही गडबड आहे, आणि ही गडबड गोव्याच्या माणसाला चटकन कळेल. सालाझारचा राष्ट्रवाद "मिन्यूपासून तिमोरपर्यंत" (उत्तर पोर्तुगालपासून आशियातल्या वसाहतीपर्यंत) सगळं एकच पोर्तुगाल असं सांगणारा होता. १९५१ मध्ये वसाहतींना "सागरापलीकडचे प्रांत" असं नाव दिलं, म्हणजे कागदोपत्री पणजी हे लिस्बनइतकंच पोर्तुगाल. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आत आलं तेव्हा शरण जायचं नाही असा लिस्बनचा हुकूम होता, गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वांनी तो मानला नाही, शरण गेले, म्हणून पुढे त्यांना लष्करातून काढून टाकलं. १९७४ ची हुकूमशाही उलथवणारी क्रांती झाल्यावर पुन्हा घेतलं, आणि गोवा भारताचा हे पोर्तुगालने त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या कराराने मान्य केलं. आता पीएनआरचा राष्ट्रवाद बघा, "पोर्तुगाल पोर्तुगीजांसाठी". साम्राज्य गेलं, वसाहतींतून पाचेक लाख माणसं परत आली, आणि जो राष्ट्रवाद अंगोला-गोव्याच्या माणसाला निदान तोंडदेखलं आपला म्हणायचा तो आता त्याच माणसाला विमानात बसवायला निघाला. हे मॉडेल सालाझारचं नाहीच, फ्रान्सचा कट्टर उजवा नेता ल पेनचं आहे. पक्षाचं चिन्हसुद्धा तसंच, ज्योत.

२००५ मध्ये जोझे पिंटो कोएल्यो अध्यक्ष झाले आणि पक्षाचा चेहरा तेच बनले. त्याच वर्षी १० जूनला कार्कावेलुशच्या बीचवर शेकडो कृष्णवर्णीय पोरांनी टोळीने लूटमार केली अशी बातमी देशभर गाजली, नंतर पोलिसांनीच सांगितलं की तसं काही घडलं नव्हतं, पण तोवर १८ जूनला लिस्बनच्या मार्तिं मुनीझ चौकात कट्टर उजव्यांचा मोर्चा निघूनही गेला होता. पक्षाच्या आसपास स्किनहेड्सचा, म्हणजे डोकी भादरलेल्या नवनाझी टोळ्यांचा वावर होता हे उघड होतं. त्यातला मारियु माशादु हा १० जून १९९५ च्या रात्री लिस्बनच्या बायरू आल्तूमधल्या मारहाणीत शिक्षा झालेला. आल्सिंदु मोंतैरु या केप व्हर्दीत जन्मलेल्या तरुणाला जीवघेणी मारहाण झाली ती हीच रात्र. १० जून म्हणजे पोर्तुगाल दिन, सालाझारच्या काळात त्याला "वंश दिन" म्हणायचे.

२००७ चा किस्सा मात्र मला फार आवडतो. मार्केश द पोंबाल या भर चौकात पीएनआरने मोठा बोर्ड लावला, इमिग्रेशन पुरे, सोबत विमान आणि "प्रवास सुखाचा होवो". काही दिवसांत गातु फेदोरेंतु या कॉमेडी ग्रुपने शेजारीच तसाच बोर्ड ठोकला, अजून इमिग्रेशन हवं, परदेशी लोकांना छळायचा सर्वात चांगला उपाय म्हणजे त्यांना पोर्तुगालमध्ये राहायला लावणं! देशभर हशा. पण हसू पूर्ण निर्धास्त नव्हतं, कारण त्याच्या काही दिवस आधीच सरकारी टीव्हीच्या "महान पोर्तुगीज" स्पर्धेत सालाझार ४१ टक्के मतं घेऊन पहिला आला होता.

म्हणजे मनात जागा होती, मतपेटीत नव्हती. २००२ मध्ये ०.१ टक्के, २०१५ मध्ये कसेबसे ०.५, म्हणजे २७ हजारांच्या आसपास मतं, हीच आजवरची सर्वोच्च कामगिरी. सरकारी अनुदान मिळायला ५०,००० मतं लागतात, तिथपर्यंत गाडी गेलीच नाही. माझ्या मते अडचण मुद्द्यांची नव्हतीच, माणसांची होती. स्किनहेड्सचा वास ज्याला येतो त्याला साधा दुकानदार मत देत नाही, पण तेच मुद्दे एखाद्या फुटबॉल चर्चेतल्या टीव्ही चेहऱ्याने सुटाबुटात मांडले की चालून जातं. व्हेंतुरा मुख्य प्रवाहातल्या पीएसडी पक्षातून आलेला, वर टीव्हीवर बेन्फिका या फुटबॉल क्लबची बाजू मांडणारा. २०१९ मध्ये शेगाला एक जागा मिळाली, २०२२ मध्ये १२, २०२४ मध्ये ५०, २०२५ मध्ये ६०. एर्गे-ते २०२२ मध्ये पुन्हा ०.१ वर. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक काळात, २०१५ ते २०२४, पंतप्रधान होते आंतोनियु कोश्ता, वडिलांकडून मडगावच्या घराण्यातले, घरातलं लाडाचं नाव बाबुश.

मुख्य गिऱ्हाईक शेगाकडे गेल्यावर एर्गे-तेला उरला तो आणखी टोकाचा कोपरा. रुई फोन्सेका इ काश्त्रू हे माजी न्यायाधीश, कोविडच्या नियमांना उघड विरोध केल्यामुळे २०२१ मध्ये न्यायव्यवस्थेतून काढलेले, २०२४ च्या युरोपियन निवडणुकीत पक्षाच्या यादीत पहिले होते. २५ एप्रिल २०२५ ला, म्हणजे हुकूमशाही संपल्याच्या वर्धापनदिनीच, बंदी असताना लिस्बनमध्ये जमाव जमवला, हाणामारी झाली, पोलिसांनी फोन्सेका इ काश्त्रू आणि माशादु दोघांनाही उचललं. जागा कुठली, तर मार्तिं मुनीझच्या अगदी शेजारचा चौक. त्या भागात आज बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानांची रांग आहे, मसाले, मोबाइल रिपेअर, बिर्याणी सगळं मिळतं.