दक्षिण आफ्रिकेत संसदेसाठी मतदान: नावनोंदणी, कागदपत्रे आणि केंद्राचा घोळ

पहिली अट नागरिकत्वाची. कायम वास्तव्याचा परवाना (पीआर) घेऊन जोहान्सबर्गला वीस वर्षे राहिलात तरी मत देता येत नाही. नावनोंदणी वयाच्या 16व्या वर्षीच करता येते, मतदान मात्र 18 पूर्ण झाल्यावर.

ओळखपत्र म्हणून तीनच गोष्टी चालतात: बारकोड असलेले हिरवे आयडी पुस्तक, स्मार्ट आयडी कार्ड किंवा मुदतीतले तात्पुरते ओळख प्रमाणपत्र. देशात मत देताना पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून भागत नाही, झेरॉक्सही नाही. परदेशातून नाव नोंदवायचे असेल तर आयडीसोबत वैध दक्षिण आफ्रिकी पासपोर्टही लागतो.

नोंदणी निवडणूक आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या, पोर्टलवर किंवा कार्यालयात होते. पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, पण पत्ता द्यावाच लागतो. वस्तीत घर क्रमांक नसेल तर जवळची शाळा, दुकान अशी खूण सांगितली तरी चालते. पत्ता चुकला की भलत्याच मतदान विभागात नाव जाते, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका. घर बदलले असेल तर नव्याने नोंदणी करा. न बदललेल्यांना दर निवडणुकीला नोंदणीची गरज नाही. आयडी क्रमांक 32810 वर एसएमएस केला की नाव कुठे आहे ते कळते.

निवडणुकीची तारीख राजपत्रात आली की यादी बंद. 29 मे 2024च्या मतदानासाठी ती 23 फेब्रुवारीलाच बंद झाली होती. शेवटच्या आठवड्यावर विसंबणारे दरवेळी इथेच अडकतात.

मत आपल्याच केंद्रावर द्यायचे. 2019 पर्यंत ऐनवेळी दुसऱ्या केंद्रावर फॉर्म भरून काम व्हायचे, 2024ला मात्र 17 मेपर्यंत आयोगाला आधी कळवणे सक्तीचे होते. आजारी, अपंग, गर्भवती मतदारांना अर्ज केल्यास घरी येऊन विशेष मतदान करून घेतात.

2024ला प्रथमच तीन मतपत्रिका हाती पडल्या: राष्ट्रीय (संसदेच्या 200 जागा, फक्त पक्ष), प्रादेशिक (संसदेच्याच प्रांतवार वाटलेल्या उरलेल्या 200 जागा, पक्ष आणि अपक्ष) आणि प्रांतीय विधिमंडळाची. आपल्या प्रांताबाहेर किंवा परदेशात मत दिले तर फक्त राष्ट्रीय मिळाली. इथे ईव्हीएम नाही, पेनने खूण करायची असते. मागच्या बाजूला अधिकाऱ्याचा शिक्का आहे ना, ते पेटीत टाकण्याआधी पाहा. शिक्का नसलेली मतपत्रिका बाद. खूण चुकली तर पेटीत टाकण्याआधीच सांगा, नवी मिळते. रात्री 9ला रांगेत असाल तर मत देऊनच घरी जाता येते.