बीपी १३४/८६ निघालं, आता काय करायचं?
आमच्या मेडिकलमध्ये बीपी मोजायला आणि मशीन घ्यायला येणाऱ्यांसाठी

बाजाराच्या दिवशी चोपड्यातल्या आमच्या दुकानात एकच वाक्य दहादा कानावर येतं : "भाऊ, पटकन बीपी पाहून द्या, गाडीची वेळ झाली." आम्ही म्हणतो, आधी पाच मिनिटं बाकावर बसा. त्यावर कुणी नाराज होतं, कुणी तसंच निघून जातं. हात पुढे करून उभ्या माणसाला आम्ही बसवून का ठेवतो आणि मशीनवर आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे रोज गर्दीत नीट सांगता येत नाही. म्हणून इथे लिहून देतो आहोत. घरी न्या, सावकाश वाचा.

आमच्या वहीत सगळ्यात जास्त दिसतात ते मधले आकडे. वरचा १२० ते १३९, नाहीतर खालचा ८० ते ८९. हे लोक बीपीसाठी आलेलेच नसतात. कुणी मुलाचं खोकल्याचं औषध घ्यायला येतो, कुणी गुडघ्याची गोळी, आणि सहज म्हणून हात पुढे करतो. दवाखान्यातही असंच होतं. ताप दाखवायला गेलेल्याचं बीपी मोजलं जातं आणि ते मधलं निघतं. २०१९ ते २१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्के आणि बायकांपैकी सुमारे ३९ टक्के या मधल्या पट्ट्यात सापडले. खरं उच्च बीपी, म्हणजे १४०/९० किंवा वर असलेले अथवा गोळी चालू असलेले, पुरुषांत २४ आणि बायकांत २१ टक्के होते. दोन्ही मिळवा, म्हणजे १२०/८० च्या खाली किती थोडे उरतात ते कळेल.

या मधल्या पायरीला २००३ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने 'प्रीहायपरटेन्शन' असं नाव दिलं. २०१७ मध्ये तिथल्याच हृदयरोगतज्ज्ञांनी ते बदललं आणि १३०/८० पासूनच उच्च बीपी सुरू झालं असं धरायला लागले. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर अजून १४०/९० हीच रेघ धरतात. त्यामुळे एक डॉक्टर "ठीक आहे" म्हणतात, दुसरे "थोडं वाढलंय" म्हणतात, आणि तुम्ही आम्हाला विचारता की खरं कोण बोलतं. दोघंही खरंच बोलतात. रेघ वेगळी आहे, तुमचं रक्त तेच आहे.

"माले तर काहीच तरास नही, मंग बीपी कशाचं?" हा प्रश्नही नेहमीचा. त्रास नसतो म्हणूनच ते सापडत नाही. डोकं दुखलं, चक्कर आली तरच बीपी, ही समजूत मनातून काढून टाका. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांची नियमित तपासणी होते आहे. तिथला २००१ साली छापून आलेला हिशोब असा : पासष्टच्या आतल्या ज्यांचं बीपी १३०–१३९ किंवा ८५–८९ होतं, त्यांच्यातल्या शंभरापैकी सुमारे ३७ जणांना चार वर्षांत उच्च बीपी झालं. १२०/८० च्या खाली असलेल्यांत असे पाचच निघाले. म्हणजे मधला आकडा हा आजार नव्हे, पण वाट तिकडेच जाते, आणि या टप्प्यावर बऱ्याच जणांना गोळीशिवाय मागे फिरता येतं. म्हणून आम्ही इतकं मागे लागतो.

पण मागे फिरायचं तर आधी आकडा खरा हवा. सगळा घोळ इथेच होतो.

मागच्या हिवाळ्यात अडावदकडचे एक नाना आले. मोटारसायकलवर, थंडी म्हणून अंगात स्वेटर. काउंटरजवळच्या उंच स्टुलावर बसले, पाय लोंबकळत होते. स्वेटरची बाही दंडापर्यंत गच्च गुंडाळली, तोंडात तंबाखू, आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून केळीच्या भावाची बोलाचाली चालू. आमच्या नवीन पोराने तशातच पट्टा बांधला. १५२/९४. नाना घाबरले. घरी शेजारच्या आबांची बीपीची गोळी होती, ती आजच सुरू करतो म्हणाले. आम्ही त्यांना तोंड धुवायला लावलं, लघवीला जाऊन या म्हटलं, स्वेटर काढायला सांगितला. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर अर्धा तास बसवलं, कारण तंबाखूचा असर उतरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. हात टेबलावर, तळवा वर. १३६/८६. एक मिनिट थांबून पुन्हा, १३४/८४. माणूस तोच, मशीन तेच, पट्टाही तोच. त्या दिवशी आबांची गोळी पोटात गेली असती, तर ती पहिल्या चुकीच्या आकड्यावर गेली असती.

बीपीचा आकडा क्षणाक्षणाला हलतो. चहा, कॉफी, बिडी, तंबाखू, जिना किंवा भराभर चालणं झालं की अर्धा तास थांबावं लागतं. लघवी कोंडून बसलात तर वरचा आकडा १०–१५ ने चढू शकतो, बोलत राहिलात तरी दहाच्या आसपास. पायावर पाय टाकला, पाठ टेकली नाही, तरी चढतो. हाताचं तर अगदी मोजून पाहिलेलं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवलं की हात टेबलावर नीट ठेवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि खाली लोंबता सोडला तर साडेसहाने जास्त दिसतो. १२८ आणि १३५ मध्ये फरक तेवढाच असतो. मधल्या पट्ट्यातल्या माणसाला अशी एखादी चूक या पायरीवरून त्या पायरीवर नेऊन ठेवते.

म्हणून आमची पद्धत ठरलेली आहे आणि ती आम्ही कुणासाठीही मोडत नाही. पाच मिनिटं शांत बसणं, तंबाखू किंवा चहा झाला असेल तर अर्धा तास. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. मोजताना बोलणं नाही, आमच्याशीसुद्धा नाही. दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसकट चिठ्ठीवर लिहून देतो. पहिल्यांदा आलेल्याचे दोन्ही हात मोजतो आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त, तोच धरतो. घाई असेल तर मोजू नका, उद्या या. चुकीचा आकडा देण्यापेक्षा तुम्ही रागावून गेलात तरी आम्हाला चालेल. काही जण म्हणतात, तिकडे तर दोन मिनिटांत पाहून देतात. देत असतील. आम्ही बीपी मोजायचे पैसे घेत नाही, त्यामुळे माणसं पटापट मोकळी करण्यात आमचा काही फायदाही नाही.

एका दिवसाच्या आकड्यावर कुणी बीपीचा रोगी ठरत नाही आणि कुणी सुटतही नाही. आठवडाभर सकाळी औषध-न्याहारीच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोनदा मोजा. ती वही डॉक्टरांकडे न्या. दवाखान्यात गेल्यावर भीतीने चढणारं बीपी असतं, तसंच दवाखान्यात ठीक आणि घरी वाढलेलंही असतं. दोन्ही घरच्या वहीतच पकडली जातात. मात्र १८०/१२० च्या वर गेलं, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि सरळ मोठा दवाखाना गाठा. गरोदर ताईंचं १४०/९० आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

कुणाचं बीपी मधल्या पट्ट्यात जायची शक्यता जास्त? वय चढत जातं तसं, आईवडिलांना बीपी असेल तर, साखर असेल तर, दारू-तंबाखू असेल तर, दिवसभर बैठं काम असेल तर, झोपेत मोठ्याने घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर. वजनाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण अंगाने बारीक दिसणारेही इथे फसतात. आपल्या लोकांचं पोट आधी सुटतं. टेलरची टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, हा ढोबळ हिशोब लक्षात ठेवा.

औषध दुकानदार म्हणून एक गोष्ट आम्हीच सांगायला हवी. काही बीपी आमच्याच काउंटरवरून वाढतं. कापूस वेचून पाठ धरली की डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी महिनोन्महिने रोज खाणारे खूप आहेत. ती बीपी चढवते आणि किडनीवरही ताण टाकते. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं, तेही बीपी वाढवतं. ॲसिडिटीसाठी रोज फसफसणारा सोडा म्हणजे पोटात सोडियम. खोकल्यासाठी ज्येष्ठमध सतत चघळणाऱ्यांनीही सांभाळावं. म्हणून आमच्याकडे दुखण्याच्या गोळीची पट्टी पुन्हा पुन्हा मागितली की आम्ही विचारतो, बीपी कधी मोजलं? गिऱ्हाईक परत गेलं तरी विचारतो. आणि बीपीची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही. मधल्या आकड्यावर गोळी लागेल की नाही हे साखर, किडनी, हृदय बघून डॉक्टर ठरवतात.

आता मीठ. "आम्ही वरून मीठ घेतच नाही" असं सगळे सांगतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात सगळंच आलं. पाच माणसांच्या घराला दिवसाला २५ ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा चाळीस दिवस तरी पुरला पाहिजे. तुमच्या घरी किती दिवस पुरतो? पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख टाका, हिशोब आपोआप दिसेल. पुडा चाळीस दिवस पुरला तरी शेवभाजीतली शेव, लोणचं, फरसाण, बाहेरची कचोरी यातलं मीठ त्यात धरलेलं नाही. उन्हाळ्यात घातलेले पापड, बिबडे, कुरडया वर्षभर पुरतात. पापडखार हेही सोडियमच, चवीला खारट लागलं नाही तरी. आणि सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच आहे. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा सोडा असं कुणी म्हणत नाही. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद करा, ठेच्यातलं निम्मं करा, पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

केळीचं बरेच जण विचारतात. केळ्यात पोटॅशियम असतं, ते मिठाचा जोर कमी करायला मदत करतं. रावेर-यावल-चोपड्याच्या माणसाला यासाठी वेगळं काही विकत घ्यायचं कारण नाही, घडच घरी येतो. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर शरीरात पोटॅशियम साठतं. अशांनी केळी किती खायची आणि कमी सोडियमचं मीठ घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. ते मीठ आमच्याकडे मिळतं, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही ते देत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही लक्षात घ्या. वैशाखात पारा ४४–४५ ला गेला की रक्तवाहिन्या सैल पडतात, घाम जातो, आकडा खाली दिसतो. मग माणूस खूश होतो की बीपी गेलं, गोळी असेल तर बंद करतो. थंडीत तोच आकडा परत वर येतो. उन्हाळ्यात उभं राहताना अंधारी येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी कमी करतील. स्वतः बंद करू नका.

मशीनबद्दल. दंडावर बांधायचंच घ्या. मनगटावरचं हाताची उंची जरा बदलली की आकडा बदलतं. घेण्याआधी आमच्याकडे दंडाचा घेर मोजून घ्या. पट्ट्यावर सेंटिमीटर छापलेले असतात. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. अगदी मोठा पट्टा लागणाऱ्या माणसाला नेहमीचा बांधला तर वरचा आकडा वीसच्या आसपास जास्त दिसू शकतो. पैलवानी दंड असेल तर मोठा पट्टा आम्ही वेगळा मागवून देतो. "मशीन खराब आहे" म्हणून परत आणलेली मशीनं आम्ही तुमच्यासमोर आमच्या मशीनशी ताडून पाहतो. बहुतेक वेळा मशीन बरोबर निघतं, सेल उतरलेले असतात किंवा पट्टा शर्टावर बांधलेला असतो. खरंच फरक निघाला तर कंपनीकडे पाठवून बदलून आणणं आमच्याकडे लागलं. मशीन दुसरीकडून घेतलेलं असलं तरी वर्षातून एकदा घेऊन या, ताडून देऊ, पैसे नाहीत. नाडी अनियमित चालत असेल तर या मशीनचा भरवसा कमी, तिथे डॉक्टरांनी हाताने मोजलेलंच धरा.

बीपी मोजायची वेळ सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७. येताना बाही सैल असलेला शर्ट घाला, आधीची चिठ्ठी आणा. बीपीची वही काउंटरवर मिळते, तिच्या पहिल्या पानावर कंबर आणि वजन लिहायची जागा आहे. वही फुकट आहे, भरून झाली की दुसरी घेऊन जा.