गोठवलेली पेन्शन (ब्रिटन)

परदेशात स्थायिक झालेल्या काही पेन्शनरांना सरकारी पेन्शनमधील (राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरलेल्यांना उतारवयात सरकारकडून मिळणारी पेन्शन) वार्षिक वाढ न देण्याचे ब्रिटिश सरकारचे धोरण. याविरुद्ध हे पेन्शनर कित्येक वर्षे न्यायालयात आणि संसदेत झगडत आले आहेत. अशा पेन्शनरांची संख्या साडेचार ते पाच लाखांच्या घरात असून बहुतेक जण ऑस्ट्रेलिया, कॅनडा व न्यूझीलंडमध्ये राहतात.

ब्रिटनमध्ये ही पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. देश सोडला तरी पेन्शन मिळतच राहते; वाढ मिळणार की नाही, हे मात्र माणूस कुठे राहतो त्यावर ठरते. युरोपीय संघातील देश, अमेरिका, फिलिपिन्स, तुर्कस्तान, इस्रायल, जमैका इथे ती मिळते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, भारत, पाकिस्तान इथे मिळत नाही. नायगारा धबधब्याच्या अमेरिकी काठावर राहणाऱ्याची पेन्शन दरवर्षी वाढते, समोरच्या कॅनडाच्या काठावरच्याची जन्मभर तेवढीच. या यादीत तत्त्व शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ज्या देशांशी पूर्वी कधीतरी तसा द्विपक्षीय करार झाला ते सुटले, बाकीचे अडकले. कॅनडाने असा करार मागून पाहिला, ब्रिटनने नकार दिला. ऑस्ट्रेलियाने तर याच रागातून ब्रिटनशी असलेला सामाजिक सुरक्षा करार २००१ मध्ये मोडीत काढला. नियमाचा आणखी एक मासला म्हणजे, सिडनीचा पेन्शनर नातवंडांना भेटायला महिनाभर इंग्लंडात आला तर तेवढ्या मुदतीपुरती त्याला चालू दराने पेन्शन मागता येते. परतला की पुन्हा जुनाच आकडा.

सर्वांत गाजलेला खटला ॲनेट कार्सन यांचा. १९९० मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या आणि तिथूनही स्वेच्छेने राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरत राहिल्या. २००० मध्ये त्यांची मूळ पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंडांवर सुरू झाली आणि तिथेच गोठली. वर्गणी सर्वांसारखी भरली असताना वाढीत भेदभाव का, असा त्यांचा सवाल होता. उच्च न्यायालय व अपील न्यायालयात त्या हरल्या. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही (संसदेचे हे वरिष्ठ सभागृह तेव्हा देशाचे सर्वोच्च अपील न्यायालयही होते) चार विरुद्ध एक मतांनी अपील फेटाळले. त्यानंतर त्यांच्यासह तेरा जण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. तिथल्या विस्तारित पीठाने १६ मार्च २०१० रोजी अकरा विरुद्ध सहा मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. पेन्शनचा दर ब्रिटनमधील राहणीमान आणि महागाई पाहून ठरतो, वर्गणीतून फक्त पेन्शनच दिली जाते असे नाही, म्हणून परदेशस्थांची तुलना मायदेशातल्यांशी करता येत नाही, असे बहुमत पडले. हा युक्तिवाद अमेरिकेत राहणाऱ्यांना वाढ का मिळते, या प्रश्नाशी अडखळतो. त्याचे उत्तर न्यायालयाने ‘तिथे करार आहे’ असेच दिले.

लॉर्ड्सच्या निकालात हा विषय न्यायालयाचा नव्हे, संसदेचा ठरला. पण परदेशात पंधरा वर्षे काढलेल्या ब्रिटिश नागरिकाला तेव्हा संसदेच्या निवडणुकीत मतच नव्हते. या मर्यादेविरुद्ध इटलीत राहणारे माजी सैनिक हॅरी शिंडलर स्ट्रासबर्गला गेले आणि २०१३ मध्ये तेही हरले. ही लढाई मात्र पुढे संसदेत जिंकली गेली. २०२२ च्या निवडणूक कायद्याने पंधरा वर्षांची अट काढली आणि जानेवारी २०२४ पासून ते लागू झाले. शिंडलर त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या १०१व्या वर्षी वारले.

पेन्शनरांच्या संघटनांनी आता मागणी आवरती घेतली आहे. मागची थकबाकी नको, यापुढची वाढ तरी द्या, असे त्या म्हणतात. सरकार खर्चाकडे बोट दाखवते. दुसऱ्या महायुद्धात सेवा बजावलेल्या ॲन पकरिज यांची पेन्शन त्या २००१ मध्ये कॅनडात गेल्यापासून आठवड्याला ७२.५० पौंडांवर होती. डिसेंबर २०२४ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, त्या ही मागणी घेऊन लंडनला गेल्या.

भारत वाढ न मिळणाऱ्या देशांत मोडत असल्याने ब्रिटनमध्ये नोकरी करून पुण्याला किंवा मडगावला परतणाऱ्यांनाही हाच नियम लागतो. २०२५ च्या भारत-ब्रिटन व्यापार करारासोबत ठरलेली दुहेरी वर्गणी टाळण्याची तरतूद तात्पुरत्या बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. पेन्शनवाढीचा त्यात समावेश नाही.